गप्प बसायचा क्लास

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा बाकावर जाऊन बसले आणि पहिल्याच रविवारी बाई मला म्हणाल्या, "तुम्ही जरा कमी बोलाल का?" बोला आता! शाळेत असताना हेच वाक्य ऐकून मला रडू यायचं. या वेळी मात्र मी खुदकन हसले, कारण बाक तिसरीच्या मुलांचा होता, माझे गुडघे हनुवटीला लागत होते आणि समोरच्या भिंतीवर पाळीव प्राण्यांचा तक्ता होता. घाटकोपरच्या त्या शाळेत रविवारी दुपारी समुपदेशनाचा तोंडओळख वर्ग भरायचा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी त्याची जाहिरात टाकली होती. मुलुंडला घरी बसून मी ती वाचली आणि कुणालाही न विचारता नाव घालून मोकळी झाले.

मी टूर मॅनेजर. म्हणजे विमानतळावर हातात झेंडा घेऊन उभी असते आणि बसभर माणसांना "चला, चला, चला" करते ना, ती बाई. केरळ, काश्मीर, राजस्थान आणि उन्हाळ्यात युरोप. कुणाचे गुडघे, कुणाची साखर, कुणाचा पासपोर्ट उशीखाली राहिलेला, कुणाला स्वित्झर्लंडमध्ये पोहेच हवेत. सगळ्यावर माझ्याकडे तोड असायची. आणि माणसं सांगायची हो! घरी कुणाला सांगणार नाहीत अशी गोष्ट बसच्या पुढच्या सीटवर येऊन मला सांगायची. कोचीला बोटीत एका निवृत्त गृहस्थांनी मला सांगितलं होतं की ते आणि त्यांचा सख्खा भाऊ एकाच मजल्यावर राहतात आणि बोलत नाहीत. शिमल्याच्या हॉटेलात एक काकू चहाचा कप धरून म्हणाल्या होत्या, "लग्नानंतर आज पहिल्यांदा मी जाग येईपर्यंत झोपले." असं काही ऐकलं की माझा दिवस उजळायचा. ताजमहालाचा मला कंटाळा आला होता, माणसांचा कधीच आला नाही. म्हणून मला वाटलं, हेच काम नीट शिकून का करू नये? आपल्याला तर जमतंच आहे की! डोंबलाचं जमत होतं.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. आई मालवणकडची, वडील गिरणीत होते तेव्हा इथे आली, पण बोली तिने सोडली नाही. ती म्हणाली, "म्हंजे लोकांचा आयकाचा आणि पैशे घ्यायचे? आमी तर सगळ्यांचा फुकटच आयकलंव गो!" मी तिला समजावत बसले की त्यालाही शास्त्र असतं, पद्धत असते. ती म्हणाली, "असात. पण तू आणि गप ऱ्हवतलंस?" आणि पुन्हा तांदळात डोकं घातलं.

पहिले दोन रविवार मी नुसती हरखून गेले होते. बाई सांगायच्या ते सगळं मला नवं होतं. समोरच्याची कीव करणं वेगळं आणि त्याच्या जागी उभं राहून बघणं वेगळं. प्रश्न असा विचारायचा की त्याचं उत्तर हो-नाहीत संपू नये. क्लास सुटला की मी रिक्षात बसल्या बसल्या रिक्षावाल्यावर सराव करायची. "आज कसं वाटतंय तुम्हाला?" असं विचारल्यावर एकाने मीटर बंद पडलाय का ते वाकून बघितलं. पण माझ्या मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. इतक्या वर्षांत टूरच्या आदल्या दिवशीसुद्धा मला असं झालं नव्हतं.

मग सराव सुरू झाला आणि माझी वाट लागली. पद्धत सोपी होती. तिघांनी बसायचं. एकाने स्वतःचं काहीतरी खरं, छोटंसं सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं, तिसऱ्याने नुसतं बघायचं. माझ्या वाट्याला चारकोपची एक मुलगी आली. नवं लग्न, बँकेत नोकरी, बोलताना ओढणीचं टोक पिरगाळायची. ती म्हणाली, "घरी वन रूम किचन आहे. सासू, सासरे, दीर, आम्ही दोघं. मला कुणाशी फोनवर बोलायचं असलं तर मी जिन्यात जाऊन बसते."

एवढंच ऐकलं आणि माझं इंजिन सुरू झालं. अगं, जिन्यात? लग्न झालेल्या मुलीने? माझ्या मैत्रिणीचं कांदिवलीला घर आहे, ती दुबईला असते आणि किल्ली माझ्याकडे. मी पर्समध्ये हात घातला, किल्ली काढली आणि तिच्या हातात ठेवली. "शनिवारी दुपारी जात जा. गॅस चालू आहे, चहापत्ती वरच्या कप्प्यात."

तिसरा जो बघायला बसला होता तो तोंडावर हात धरून हसायला लागला. मुलगी किल्लीकडे बघत राहिली. बाई आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि तिला म्हणाल्या, "तुला काय सांगायचं होतं?"

"मला तो जिना आवडतो," ती म्हणाली. "वरच्या गच्चीच्या दारापाशी कुणी येत नाही. तिथे बसलं की बरं वाटतं. घरी सांगितलं तर हसतील, म्हणून इथे सांगणार होते."

घ्या! मी हिला घर देऊन बसले आणि हिला जिना आवडतो! कानशिलं गरम झाली माझी. पण खरं सांगते, त्या लाजेपेक्षाही मला मजा वाटली. मी गप्प राहिले असते तर मला ही गोष्ट मिळाली असती. गच्चीच्या दारापाशी बसलेली, ओढणी गुडघ्यावर घेतलेली ही मुलगी मला दिसली असती. माणसाच्या पोटात काय काय असतं आणि आपण वरवरचं ऐकून धावत सुटतो. घरी जाताना मला कधी एकदा पुढचा रविवार येतो असं झालं होतं.

पुढच्या रविवारी तर मी कमालच केली. बाईंनी सांगितलं, जोडीदाराच्या समोर बसा आणि काहीही बोलू नका. शांतता सोसायला शिका. आता आमच्या धंद्यात शांततेचा अर्थ अगदी वेगळा. बस शांत झाली की समजायचं, एकतर कुणाला तरी उलटी होणार नाहीतर मागच्या सीटवर भांडण पेटणार. अशा वेळी माइक हातात घ्यायचा आणि बस हलवून सोडायची, हे माझ्या हाडामांसात भिनलंय. वर्ग शांत झाला. पंखा करकरत होता. कुणीतरी घसा खाकरला. माझ्या पायाला मुंग्या यायला लागल्या आणि मला कळायच्या आत मी टाळी वाजवून उभी राहिले, "चला! अंताक्षरी! 'म' वरून!"

अख्खा वर्ग हसत सुटला. बाईसुद्धा डोळे पुसून पुसून हसल्या. क्लास सुटल्यावर मात्र त्यांनी मला थांबवलं. त्या हळू बोलायच्या, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्तच लागायचं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला माणसं आवडतात, ते दिसतंच. पण हा फक्त तोंडओळखीचा वर्ग आहे. पुढचा वर्षभराचा कोर्स मी सगळ्यांना देत नाही. शेवटच्या रविवारी तुमच्या सरावाला मी स्वतः बघायला बसेन. तुम्हाला गप्प राहता आलं नाही तर मी तुम्हाला पुढे घेणार नाही. राग मानू नका."

राग? मला धडकीच भरली. तोवर मी जमलं तर जमलं म्हणत होते. आता कुणीतरी दार लावून घेणार म्हटल्यावर कळलं की मला आत जायचंय, काही झालं तरी जायचंय. आणि नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसातही घोडं अडलं.

आमचा मालक म्हणजे नावाला मालक. मुलुंडला फरसाणवाल्याच्या वर एका टेबलावर त्याने कंपनी सुरू केली तेव्हापासून मी तिथे आहे. तो मला अगं म्हणतो, मी त्याला अरे. आवाज पहिल्यापासून चढा, हात सारखे हवेत, कुठल्याही संकटाला "होऊन जाईल गं" हे उत्तर. तो म्हणाला, "उन्हाळ्याचं माहितीपत्रक छापायला टाकतोय. युरोपच्या सगळ्या टूरला तुझं नाव. रविवारी संध्याकाळपर्यंत हो म्हण." वर्षभराच्या कोर्सचे वर्गही रविवारीच आणि सुट्टी चालणार नाही. दोन्ही जमणारच नव्हतं. मी त्याला म्हटलं, "रविवारी सांगते." त्याला वाटलं मी भाव खातेय. "नखरे करू नकोस, यार," म्हणाला आणि दुसऱ्या फोनवर ओरडायला लागला.

मग मी घरी गप्प बसायचा सराव सुरू केला. आई बोलायची, मी ऐकायची. मध्ये तोंड घालायचं नाही, उपाय सांगायचा नाही, भाजीवाल्याशी कसं बोलायला हवं होतं ते सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. तिसऱ्या दिवशी जेवायला पेज आणि पापड. "तुका बरां नाय काय? बोल गो बाय कायतरी, माका भिया वाटता." शेवटी मला बोलावंच लागलं, नाहीतर तिने देवाला गाऱ्हाणं घालायला गावी फोन केला असता.

शेवटच्या रविवारी मी सकाळी लवकरच उठले. जेवढी भीती होती तेवढाच आनंदही होता. नवी साडी नेसले. आई म्हणाली, "लग्नाक चललंस?" मी म्हटलं, "तसंच समज."

सरावाला माझ्यासमोर बसले ते चेंबूरचे एक गृहस्थ. साठीपुढचे, शर्टला कडक इस्त्री, रुमालाची घडी हातात. त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी वारलीय एवढंच आम्हाला माहीत होतं. बाकी ते वर्गात कधी बोलले नव्हते. मी त्यांना काका म्हणायची, पण बाईंनी ते बंद केलं होतं. इथे कुणी कुणाचं काका-ताई नाही, काका म्हटलं की तुम्ही लगेच त्यांची काळजी घ्यायला लागता, असं त्यांचं म्हणणं. बाई आमच्या बाजूला बाकावर बसल्या. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. माझी जीभ आणि माझे हात एकाच वायरीवर चालतात, म्हटलं एक तरी बंद करू.

ते म्हणाले, "मी संध्याकाळी जेवत नाही." मग रुमालाची घडी उलगडली. "डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही नाही. मुलगी रोज पुण्याहून फोन करते, जेवलात का? शेजारच्या वहिनी डबा पाठवतात. मी तो सकाळी खातो. भूक नाही असं नाही. पण संध्याकाळ झाली की घास उतरत नाही."

अगं आई गं! नियतीने माझी परीक्षा घ्यायची ठरवलीच होती. 'जेवलात का' या दोन शब्दांवर मी आयुष्यभर जगले. आठ वाजता गरम जेवण ताटात पडलं की माणसाची निम्मी दुःखं पळतात, असं मी प्रत्येक टूरवर माइकवरून सांगत आले. माझ्या डोक्यात रांग लागली. मुगाची खिचडी करा. सातच्या आत जेवा. एकटे बसू नका, टीव्ही लावा. आमच्या टूरला चला, बघा कसे जेवता ते! एकेक वाक्य दातांपर्यंत येत होतं आणि मी ते गिळत होते. मी फक्त म्हटलं, "संध्याकाळी."

"हो. संध्याकाळी," ते म्हणाले आणि थांबले.

मग ती शांतता आली. तीच, माझी वैरीण. पंखा करकरत होता. खाली मैदानात कुणीतरी क्रिकेट खेळत होतं, आउट की नॉट आउट यावर भांडण चाललं होतं. माझ्या मांडीखाली हात बधिर झाले. वाटलं, यांचं बोलणं संपलं, आता आपण काही बोललो नाही तर हे उठून जातील. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की ते थांबलेच नव्हते. ओठ मिटलेले होते, पण रुमालाची घडी घालत, मोडत ते कुठेतरी चालत होते. एवढी वर्षं बसमध्ये अशी किती माणसं माझ्यासमोर चालत असतील, आणि मी माइक काढला असेल! मी बसून राहिले. भीती कुठे गेली कोण जाणे, पण तिच्या जागी मला एकदम छान, सावध वाटायला लागलं. पहाटे डोंगरावर सूर्य उगवायची वाट बघताना वाटतं तसं.

ते म्हणाले, "ती गेली ना, त्या संध्याकाळी मला भूक लागली होती."

मी हलले नाही.

"हॉस्पिटलमध्ये कागद तयार व्हायला वेळ होता. मुलगी पोचायची होती. मी खाली उतरलो. गेटसमोर गाडीवर वडे तळत होते. मी वडापाव खाल्ला. एक नाही, दोन." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "चांगले गरम होते. छान लागले हो मला. ती वर होती आणि मला छान लागले."

आता माझ्याकडे काय काय नव्हतं! अहो, पोट आहे, त्याला काय कळतंय. त्यात काय एवढं, सकाळपासून उपाशी असाल. आमच्या वडलांच्या वेळी मीसुद्धा... सगळं खरं, सगळं मायेचं, आणि त्यातलं काहीही बोलले असते तर त्यांनी रुमाल खिशात घातला असता आणि "हो ना, खरंय तुमचं" म्हणून उठले असते. तीन वर्षं पोटात ठेवलेलं पुन्हा पोटात गेलं असतं.

मी म्हटलं, "छान लागले."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मी हसत नाहीये ना, नाक मुरडत नाहीये ना, ते नीट बघून घेतलं. "हो," ते म्हणाले आणि रडायला लागले. हमसून हमसून. मी तशीच बसले. पाणी पुढे केलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते येऊ दिलं, हात मांडीखालीच होते ना.

बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "वेळ झाली." नियमाप्रमाणे त्यांनी आधी त्या गृहस्थांना विचारलं, कसं वाटलं. त्यांनी चष्मा पुसला. "सगळे मला जेवा म्हणतात," ते म्हणाले. "मी का जेवत नाही ते मला स्वतःलाच माहीत नव्हतं. आत्ता बोलता बोलता कळलं."

मग बाई माझ्याकडे वळल्या. "पुढच्या वेळी हात मांडीखालून काढा, अवघडल्यासारखं दिसतं," त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी! मी तिथल्या तिथे हात काढले. "एप्रिलमध्ये वर्ग सुरू होतील. वेळेवर या."

मी जिना उतरले की उडी मारली ते आठवत नाही. रस्त्यावर येऊन मी वहाण सरळ केली, नाक पुसलं आणि मालकाला फोन लावला. आनंद एवढा होता की तो कुणावर तरी ओतायलाच हवा होता, आणि इतक्या वर्षांत माझी प्रत्येक चांगली बातमी मी पहिली त्यालाच सांगत आलेय.

"बोल," तो म्हणाला. "युरोपला टाकतोय तुझं नाव."

"नको टाकूस. मला पुढच्या कोर्सला घेतलं! मी या उन्हाळ्यात येणार नाही. पुढच्याही नाही."

तो सुरूच झाला. वेड लागलंय का तुला? लोकांची रडगाणी ऐकून पोट भरतं का? लोक फोन करून विचारतात, त्या ताई आहेत ना बरोबर, तरच नाव घालतो, त्यांना मी काय सांगू? ती नवीन मुलगी, तिला व्हिसाच्या रांगेत रडू येतं! या वयात हे कुठलं खूळ? असं बराच वेळ. मग तो थांबला.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. एक छोटी टूर करते, बरं? नव्या मुलीला मी शिकवते. मे महिन्यापुरती येते, मग बघू. अगदी जिभेवर होतं. एवढं म्हटलं असतं की तो "होऊन जाईल गं" म्हणाला असता आणि मी पुन्हा झेंडा हातात घेतला असता. मी शाळेच्या भिंतीला टेकून उभी राहिले आणि काही बोलले नाही.

फोन कट झाला असं वाटून मी बघितलं. चालू होता.

"मी एकट्याने कसं करू गं?" तो म्हणाला. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

"एकटं वाटतंय तुला," मी म्हटलं.

"हो ना यार." आणि मग तो बोलत राहिला. सीझन सुरू व्हायच्या आधी त्याला भीती वाटते. बस दरीत जाईल, कुणी परदेशात आजारी पडेल, लोक पैसे परत मागतील. घरी बायकोला सांगितलं तर ती घाबरेल. म्हणून तो रात्री मला फोन करायचा. तुझं तिकीट आलं का, त्या काकूंची खोली खालच्या मजल्यावर दिलीस ना, सकाळी बस किती वाजता, असलं काहीतरी विचारायचा. उत्तरं त्याला माहीत असायची. मी तडातडा उत्तरं द्यायची, "अरे झालंय सगळं, झोप तू," म्हणायची आणि फोन ठेवायची. ते फोन मी कामाचे समजत होते.

"तू काहीच बोलत नाहीयेस," तो म्हणाला.

"ऐकतेय."

"येणार नाहीस ना?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. पण फोन त्याने ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.